मार्शलने धावायचं नाही, मग करायचं तरी काय?

अर्धा_क्लच (डिचोली)

मंडळी, हा धागा खरं तर स्वतःलाच चार शिव्या घालायला काढलाय. तुम्हीही घाला.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका मोकळ्या पठारावर डर्ट बाइकची रेस झाली. आयोजकांचं नाव घेत नाही. माणसं ओळखीची आहेत आणि मनाने वाईट नाहीत. मी मार्शल होतो. मार्शल म्हणजे सकाळी सातला हातात आलेलं नारिंगी जाकीट, एक पिवळा झेंडा, पाण्याची बाटली आणि "कोण पडला तर बघ रे" एवढी एक सूचना.

मला उभं केलं टेबलटॉपच्या (सपाट माथ्याच्या उंचवट्याच्या) पलीकडे, म्हणजे बाइक उडी मारून जिथे उतरते तिथे. तिसऱ्या फेरीत एक मुलगा पुढच्या चाकावर उतरला आणि आडवा झाला. मी झेंडा फेकला आणि धावलो. फेकला म्हणजे अक्षरशः मातीत फेकला. मागून येणाऱ्याला त्या उंचवट्यामुळे आम्ही दोघंही दिसणं शक्य नव्हतं. त्याची बाइक माझ्या डाव्या खांद्यापासून हातभरावर उतरली. पडलेल्या मुलाचा कॉलरबोन मोडला, मला खरचटलंसुद्धा नाही. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या!

संध्याकाळी एका जुन्या रायडरने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "मैदानावर अँब्युलन्स एकच होती. तुम्ही तिघं आडवे झाला असतात तर आधी कुणाला न्यायचं, ते ठरवून ठेवलं होतंस का?"

घरी आल्यावर शोधाशोध केली आणि क्यालामी सापडलं. ५ मार्च १९७७, दक्षिण आफ्रिकेची फॉर्म्युला वन ग्रां प्री. रेन्झो झोर्झीची गाडी सरळ रस्त्याच्या कडेला बंद पडली. मागे थोडीशी आग लागली होती. झोर्झी स्वतः बाहेर पडत होता. पलीकडच्या पिटच्या (गाड्यांची दुरुस्ती, टायर बदलायची जागा) भिंतीवरून दोन मार्शल कुणालाही न विचारता ट्रॅक ओलांडून धावले. पहिला पोचला. दुसरा फ्रेडरिक यान्सेन व्हॅन व्ह्यूरेन, वय १९, हातात जड अग्निशामक सिलिंडर. तिथे रस्त्याला चढ आहे, चढापलीकडचं दिसत नाही. पुढच्या श्टुक या ड्रायव्हरने कसंबसं त्यांना चुकवलं. त्याच्या मागे चिकटून येणाऱ्या टॉम प्राइसला काही दिसलंच नाही. वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर. मुलगा जागीच गेला. सिलिंडर प्राइसच्या डोक्यावर बसला, तोही गेला. आणि आग? ती फारशी नव्हतीच. प्राइस हा झोर्झीच्याच टीमचा.

ते वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या टेबलटॉपवर वेगळं काय होतं? फक्त वेग कमी होता.

तर प्रश्न असा: मार्शलने धावायचं नाही हे कळलं. पण समोर माणूस पडलेला असताना करायचं तरी काय?

बाबल

पात्रांव, गोव्यात रोज रात्री नव्या झुवारी पुलावर रेस असते. तिथे मार्शलही नाही आणि झेंडाही नाही. आधी त्यावर धागा काढ.

(टिंगल नाही, चांगलं लिहिलंयस. वाचतोय.)

हिरवा_सिग्नल

अर्धा_क्लच, शिव्या घालत नाही. खरी चूक तू धावण्याच्या आधीच झाली होती, ती तुझी नव्हती. तुला उडीच्या पलीकडे एकट्याला उभं केलं तिथेच सगळं बिघडलं.

मी २०११ ते २०१३ तिन्ही वर्षं ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर मार्शल होतो. फुकट, सगळे स्वयंसेवकच असतात. पहिल्याच वर्षी पहिल्याच सरावात ट्रॅकवर कुत्रा आला आणि सगळं थांबवावं लागलं. जगभर हसं झालं आपलं. पण प्रशिक्षणात जे शिकवलं ते अजून अंगात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका पोस्टवर एकटा माणूस कधीच नसतो. झेंडेवाले दोघं असतात आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. निळा झेंडावाला येणाऱ्या गाड्यांकडे बघतो, पिवळा झेंडावाला पुढच्या टप्प्याकडे. ज्याची पाठ येणाऱ्या गाड्यांकडे, त्याच्या पाठीचे डोळे दुसऱ्याकडे. गाडी आपल्या अंगावर येतेय असं दिसलं तर दुसरा ओरडत बसत नाही, पहिल्याची कॉलर धरून ओढतो. आम्हाला ते खरोखर ओढून शिकवलं होतं. माझ्या जोडीदाराने माझ्या शर्टाची दोन बटणं तोडली.

प्रत्येक पोस्टवर एक मुख्य असतो. त्याच्याकडे रेडिओ. रेस कंट्रोलने (जिथून सगळी रेस चालवतात ती खोली) हो म्हटलं, त्याने हाताने खूण केली, की मगच पाय भिंतीच्या बाहेर. तोवर तुझं काम झेंडा. एक पिवळा हलतोय म्हणजे वेग कमी करा, ओव्हरटेक नाही. दोन पिवळे हलताहेत म्हणजे रस्ता अडलाय किंवा ट्रॅकवर माणसं आहेत, गरज पडल्यास थांबायच्या तयारीने या. तुझ्या हातातला झेंडा मागच्या पंचवीस जणांना थांबवतो. तू तो फेकलास तेव्हा त्या पंचवीस जणांना मोकळं सोडलंस. तू पोचून फार तर एकाची बाइक उचलली असतीस.

मोटोक्रॉसमध्ये हलता पिवळा दिसला की उडी मारायचीच नाही, बाइक जमिनीवरून न्यायची, असा नियम आहे. पण तो झेंडा चढाच्या अलीकडे दिसायला हवा. पलीकडे दाखवून काय उपयोग? तोवर माणूस हवेत गेलेला असतो.

आणखी बारीकसारीक: अंगात सुती कपडे, नायलॉन नको, आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. लाल-पिवळा टीशर्ट नको, लांबून झेंड्यासारखा दिसतो. आणि गाड्यांकडे पाठ करून मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्याला पहिल्या गाडीने घरी पाठवायचं.

चिकित्सक

नियम, नियम, नियम. मग झांडफोर्ट १९७३ सांगू का?

२९ जुलै. रॉजर विल्यमसन, आयुष्यातली दुसरी फॉर्म्युला वन रेस. गाडी उलटी होऊन पेटली, तो खाली अडकला, जिवंत. डेव्हिड पर्ली नावाच्या ड्रायव्हरने स्वतःची रेस सोडली, ट्रॅक ओलांडून धावला, एकट्याने गाडी सरळ करायला बघितली, मार्शलच्या हातातला सिलिंडर हिसकावून मारला. मार्शल तिथेच उभे होते. रेस चालूच होती. विल्यमसन गुदमरून गेला. पर्लीला नंतर ब्रिटनने जॉर्ज मेडल दिलं.

आता सांगा, त्या दिवशी चुकलं कोण? धावणारा की उभे राहणारे?

अर्धा_क्लच

हाच प्रश्न माझ्या डोक्यात होता, मांडता येत नव्हता.

हिरवा_सिग्नल

चिकित्सक, उदाहरण बरोबर, निष्कर्ष चूक.

ते मार्शल भित्रे नव्हते. त्यांच्या अंगावर आगीचे कपडेच नव्हते, साधे कपडे होते. त्या ज्वाळेत जायचं कसं? आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. रेस कंट्रोलला लांबून वाटलं की गाडीजवळ धडपडणारा पर्ली हाच त्या गाडीचा ड्रायव्हर, म्हणजे माणूस सुखरूप बाहेर आहे. जवळून जाणाऱ्या ड्रायव्हरांनाही तसंच वाटलं. रेस थांबवलीच नाही. अग्निशमन गाडी पोचेपर्यंत आठेक मिनिटं गेली.

म्हणजे पर्लीला जे करावं लागलं ते इतर चार जणांनी आपलं काम न केल्यामुळे. तिथे लाल झेंडा, म्हणजे रेस थांबवायची खूण, हवा होता. कोणी पर्लीसारखा धावला की मी आधी विचारतो, याला धावावं का लागलं?

चिकित्सक

"कोणी धावला की विचारतो, धावावं का लागलं" हे पटलं. पण तरी सांगतो, झांडफोर्टला मी असतो तर धावलो असतो.

हिरवा_सिग्नल

मीही. म्हणूनच प्रशिक्षण लागतं.

सायरन

मी अँब्युलन्सवर काम करते. रेसवर दोन-तीनदा ड्यूटी लागली आहे, रस्त्यावरच्या केसेस तर रोजच्याच. मार्शलदादांनी धावू नये हे ठीक, पण माझी जास्त तक्रार त्यांच्या मागून येणाऱ्या पब्लिकबद्दल आहे.

माणूस पडला की आपल्याकडे चार जण येतात. एक हेल्मेट उपसतो, एक पाणी पाजतो, दोघं काखेत हात घालून "उठ उठ" करतात. मग एखाद्या पिकअपमध्ये आडवा टाकून बांबोळीला. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचेपर्यंत मानेचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. बिचारे चांगल्या मनाने करतात, रागावताही येत नाही.

हेल्मेटबद्दल एकच सांगते. श्वास नीट चालू असेल तर काढू नका. काढायचंच झालं तर दोघं लागतात, एक मान आणि डोकं धरतो, दुसरा हळू सरकवतो. एकट्याने कधीच नाही. बाकी काही येत नसेल तर नुसतं डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून बसा आणि बोलत राहा.

हे मी मनचं सांगत नाही. १९९२ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात एरिक कोमाची गाडी आपटली. तो बेशुद्ध, इंजिन चालू. मागून येणाऱ्या आयर्टन सेनाने आपली गाडी थांबवली, धावत जाऊन इंजिन बंद केलं आणि डॉक्टर येईपर्यंत कोमाचं डोकं धरून ठेवलं. एवढंच. आणि तेवढंच लागतं. (हो, तोही ट्रॅकवर धावला, मला माहितीये, कोणी बोट दाखवू नका.)

शेवंती

सायरनताई, एक विचारू? माझा मुलगा पंधरा वर्षांचा, कार्टिंग करतो, आता मोठ्या बाइकवर बसायचं म्हणतो. २०२३ ला ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा मुलगा गेला ते वाचल्यापासून माझ्या पोटात गोळा येतो. त्याच वर्षी जानेवारीत तिथेच एक अनुभवी कार रेसरही गेले होते. नवराही म्हणतो, "अगं, आता सगळं सुरक्षित झालंय." झालंय का खरंच?

सायरन

शेवंतीताई, गाडीत खूप झालंय. बाइकवर तेवढं नाही, शरीर उघडंच असतं. खोटं कशाला सांगू?

गाडीतल्यांसाठी बघा. मान झटकली जाऊ नये म्हणून हेल्मेट खांद्यावर बसवलेल्या कडक कॉलरला बांधतात, ते हान्स. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचं. डोक्यावरची टायटॅनियमची कमान, हॅलो, २०१८ पासून. ती आली तेव्हा लोक चपलेच्या अंगठ्यासारखी दिसते म्हणून हसत होते. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये रोमँ ग्रोझाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, पेटली. अठ्ठावीस सेकंद तो आगीत होता आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हॅलो नसती तर कठडा डोक्यावर होता.

पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. पहिल्या फेरीत डॉक्टरची गाडी सगळ्यांच्या मागोमाग धावते. १९७८ ला मोन्झात रॉनी पीटरसनच्या अपघातानंतर डॉ. सिड वॉटकिन्स यांनी आग्रह धरून हे करून घेतलं. म्हणूनच ग्रोझाँ बाहेर येताना डॉ. इयन रॉबर्ट्स कठड्यापाशी हजर होते. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या हट्टाचा त्या रात्री उपयोग झाला.

तुमच्या मुलाच्या रेसला जाल तेव्हा हेल्मेट महाग आहे का हे नंतर विचारा. आधी विचारा, अँब्युलन्स किती, आणि एक पेशंट घेऊन गेली तर मागे रेस थांबवता का? थांबवत नसतील तर पोराला घेऊन घरी या.

हिरवा_सिग्नल

सायरनताईंच्या शेवटच्या ओळीला +१००. आणि बहरीनची एक भर घालतो, फार लोकांना आठवत नाही. त्याच रात्री, त्याच रेसमध्ये, शेवटी सर्जिओ पेरेझची गाडी पेटली तेव्हा एक मार्शल सिलिंडर घेऊन ट्रॅक ओलांडून पळाला, आणि समोरून लँडो नॉरिस येत होता. थोडक्यात वाचला. क्यालामीनंतर त्रेचाळीस वर्षांनी, हुबेहूब तेच चित्र. ग्रोझाँची आग बघून त्या पोराच्या डोक्यात काय चालू असेल ते मी समजू शकतो.

चक्रम

वातावरण फार गंभीर झालंय म्हणून अवांतर: १९९५ ला हंगेरीत ताकी इनोएची गाडी धुरायला लागली. मार्शल येईनात म्हणून साहेब स्वतः सिलिंडर आणायला धावले, आणि मदतीला आलेल्या गाडीनेच त्यांना उडवलं! त्याच वर्षी मोनॅकोत त्यांची बंद गाडी ओढून नेत असताना मागून दुसऱ्या अधिकृत गाडीने धडक देऊन उलटी केली होती. जगात नशीब म्हणून काही असतं.

(जिवंत आहेत, स्वतःच त्यावर विनोद करतात. म्हणून हसायची परवानगी.)

वास्कोचा_उतार

चक्रमभाऊ, हसलो, पण मुद्दा तोच आहे. मदतीला येणारी गाडीच मारते. २०१३ ला माँट्रियलमध्ये रेस संपल्यावर बंद गाडी उचलून नेणाऱ्या क्रेनखाली मार्क रॉबिन्सन हा मार्शल गेला. रेस संपली होती, धोका संपला नव्हता.

आणि सुझुका २०१४. पाऊस, अंधारून आलेलं. सुटिलची गाडी कठड्यात, तिला उचलायला क्रेन आत, दोन पिवळे झेंडे हलताहेत. पुढच्याच फेरीत त्याच वळणावर ज्यूल बियांकी घसरला आणि सरळ त्या साडेसहा टनी क्रेनखाली गेला, ताशी १२६ ने. नऊ महिन्यांनी, जुलै २०१५ ला गेला. चौकशीत निघालं की पिवळ्या झेंड्यांखाली त्याने पुरेसा वेग कमी केला नव्हता. म्हणजे झेंडा होता, मार्शल जागेवर होता, सगळं नियमात होतं.

त्यावर उपाय म्हणून २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. वेग किती कमी करायचा ते ड्रायव्हरच्या मनावर सोडायचंच नाही, सगळ्यांना एकदम बांधील वेग. हिरवा_सिग्नल, तुमचा झेंडा चांगला, पण येणाऱ्याने तो मानला तरच.

आता आमच्या भागाचं. मुरगावात रस्त्यावर रेस घ्यायची बातमी आली तेव्हा गावात दोन तट पडले. मी विरोधातही नव्हतो आणि बाजूनेही नव्हतो, मला फक्त काही साध्या गोष्टींची उत्तरं हवी होती. रस्त्यावरच्या रेसमध्ये दोन्ही बाजूंना भिंत. गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागाच नाही, मग मार्शल प्रत्येक वेळी रस्त्यावरच. आमच्याकडे उतार, वळणं, गॅलरीत माणसं, आणि कुत्री किती आहेत ते पंचायतीलाही माहीत नाही. रेसच्या वेळी आतल्या घरात कुणाला छातीत दुखलं तर १०८ कुठून आत येणार? हे विचारलं की "तू गोव्याच्या प्रगतीच्या आड येतोस" असं ऐकवतात.

बाबल

कुत्र्यांना दोन पिवळे झेंडे दाखवू.

हिरवा_सिग्नल

वास्कोचा_उतार, बियांकीबद्दल मान्य. मेक्सिको, ऑक्टोबर २०२५ बघा. पहिल्या वळणावरचे तुकडे वेचायला दोन मार्शल ट्रॅकवर होते आणि पिटमधून निघालेला लियाम लॉसन त्यांच्यावर येऊन ठेपला. तो रेडिओवर हादरून ओरडला, की मी त्यांना मारलं असतं. म्हणजे अजूनही होतं, सर्वांत श्रीमंत रेसमध्ये होतं. तिथे धावण्याची घाई नव्हती. कोण कुठे आहे याचा ताळमेळ चुकला.

आणि एक राहिलं. मार्शल जागेवर उभा असला तरी वाचतोच असं नाही. २००० ला मोन्झात पाओलो जिसलिंबेर्ती, २००१ ला मेलबर्नमध्ये ग्रॅहम बेव्हरिज. दोघंही उडालेल्या चाकाने गेले. चाकं गाडीला दोरीने बांधायची सक्ती त्याआधीच झाली होती, तरी. मेलबर्नला चाक जाळीतल्या मोकळ्या फटीतून आत आलं. तेव्हापासून मी पोस्टवर गेलो की आधी जाळीतली फट शोधतो, मग माझी जागा ठरवतो.

आयर्टन सेना कधी गेला हे माझ्या आईलाही माहीत आहे. जिसलिंबेर्तीचं नाव इथे कितीजणांनी ऐकलं होतं?

चिकित्सक

मी नव्हतं ऐकलं.

शेवंती

मीही नाही. आणि आता विसरणार नाही.

सायरन

अर्धा_क्लच, तुम्ही गप्प का? पुढची रेस कधी?

अर्धा_क्लच

गप्प नव्हतो, रेसवरच होतो. कालच झाली. म्हणून आज लिहितोय.

आधी आयोजकांकडे गेलो. हा सगळा धागा फोनवर दाखवला. अर्धं ऐकलं, अर्धं "बघू" म्हणाले. पण तीन गोष्टी झाल्या. टेबलटॉपवर आम्ही दोघं उभे राहिलो, एक चढाच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये शिट्टी. दुसरी अँब्युलन्स मिळाली नाही, पण पहिली निघाली की लाल झेंडा, हे माइकवर सगळ्यांसमोर कबूल केलं. आणि एका काकांनी घरचं जुनं सुती जाकीट दिलं.

मी अलीकडे होतो. दुसऱ्या हीटमध्ये शिट्टी झाली. म्हणजे पलीकडे कोणीतरी पडलं. मला काहीच दिसत नव्हतं. मी झेंडा हलवायला लागलो. पहिली बाइक आली, उडी मारली नाही, चढावरून हळू गेली. दुसरी तशीच. तिसऱ्याने शेवटच्या क्षणी ब्रेक मारला.

दोरीच्या मागे त्या मुलाचे वडील होते. मला बघून ओरडले, "कितें पळयता रे (बघतोस काय), धांव! धांव!" मग शिव्या. मग एक पाण्याची बाटली माझ्या पाठीवर बसली. मी झेंडा हलवतच होतो. पाय थरथरत होते, हे इथे लिहायला लाज वाटत नाही.

लाल झेंडा येईपर्यंत किती वेळ गेला सांगता येत नाही. मला अर्धा तास वाटला, जोडीदार म्हणतो अर्धा मिनिट. मुलाचा गुडघा सुजलाय, बाकी ठीक. त्याच्या वडिलांनी अजून माझ्याशी बोलणं टाळलंय. मीही गेलो नाही.

हिरवा_सिग्नल

चढापासून किती मागे उभा होतास?

अर्धा_क्लच

पंधरा पावलं.

हिरवा_सिग्नल

पुढच्या वेळी तीस. तिसऱ्याला शेवटच्या क्षणी ब्रेक मारावा लागला म्हणतोस ना.